रफूकाकांची दुपारची झोप

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ जवळ आला की रफूकाका यंदा काय सोडणार, याची काकूंना धास्ती पडायची. एका वर्षी काकांनी चहा सोडला आणि डोकं दुखतं म्हणून सगळ्या गल्लीवर खेकसत राहिले. एका वर्षी मीठ सोडलं, तेव्हा त्यांच्याबरोबर काकूंनाही अळणी गिळावं लागलं, कारण एका चुलीवर दोन स्वयंपाक कोण करतो? एका वर्षी बोलणं सोडलं. तेवढं एक वर्ष सुखाचं गेलं असतं, पण काका पाटीवर खडूने लिहून भांडायचे आणि पुसायला काकूंचाच पदर मागायचे.

तसे ते भाविक होते, यात शंका नाही. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून घ्यायची, आपलं काय चुकलं ते मनाशी पाहायचं आणि आवडीचं काहीतरी सोडायचं, असा तो काळ. यातली राख काकांना मान्य होती आणि सोडणं तर फारच आवडायचं. मधला भाग तेवढा त्यांच्या हातून दरवर्षी निसटायचा.

धंदा रफूचा. पुढची खोली दुकान, मागची खोली घर, मधे एक पडदा. खिडकीखाली काकांचं स्टूल, शेजारी सुयांची गादी आणि एक भलंमोठं भिंग. कोणाच्या कोटाला ठिणगीने भोक पडलेलं, कोणाच्या शालीला कसर लागलेली. लोक ते कापड घडी करून, पाप लपवल्यासारखं काखेत मारून आणायचे. काका त्याच कापडाच्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि उभ्याआडव्या धाग्यांत असे मिसळून द्यायचे की ज्याचा कोट त्यालाही भोक कुठे होतं ते सापडू नये. गिऱ्हाईक कापड उलटंपालटं करत शोधू लागलं की काका मांडीवर हात ठेवून म्हणायचे, "शोधा, शोधा. सापडलं तर दुकान तुमचं."

दुकान अजून काकांचंच होतं. पण त्यातली खरी गोष्ट वेगळी होती.

गेली काही वर्षं काकांच्या डोळ्यांवर धुकं उतरत होतं. आधी काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. मग निळ्यावर निळा. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. भिंग आणखी मोठं घेतलं, स्टूल खिडकीला आणखी चिकटवलं, आणि सुईत दोरा ओवायचं काम काकूंकडे दिलं. "तेवढाच तुझा वेळ जाईल," म्हणाले. जसा काही काकूंना वेळ जात नव्हता!

मग एका दुपारी काका जेवून जरा लवंडले. उठून पाहतात तर सकाळी अर्धवट टाकलेला कोट स्टुलावर तसाच होता, सुई त्यांनी खोचली होती तिथेच खोचलेली होती, आणि भोक नाहीसं झालेलं. काकांनी कोट उलटा केला, सुलटा केला. आत काकू भांडी घासत होत्या. काकांनी काही विचारलं नाही, काकूंनी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर काका जरा लवकरच लवंडले.

तेव्हापासून हा शिरस्ताच पडून गेला. काकू लग्न होऊन आल्यापासून पडद्याच्या फटीतून नवऱ्याचं काम बघत आल्या होत्या. बघून बघूनच शिकल्या. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून चुका काढायलाही कोणी नव्हतं. त्यात त्या डावखुऱ्या, आणि हात असा हलका की कापडाला कळू नये आपल्याला कोणी शिवलं. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची. "काका, या वयात असलं काम!" काका म्हणायचे, "हातांना वळण पडलंय. झोपेतसुद्धा चालतात." आणि पडद्यामागे ज्यांचे हात चालले होते त्या भाजी चिरत असायच्या.

त्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी वकीलबाई आपला काळा कोट न्यायला आल्या. कोपऱ्यावरच्या इमारतीत त्यांचं ऑफिस. फायलींच्या कपाटात अडकून कोटाची बाही कोपराशी चांगली वीतभर फाटली होती. काळ्यावर काळं, म्हणजे रफूगाराची परीक्षाच. काकूंच्या कितीतरी दुपारी त्या बाहीत गेल्या होत्या. वकीलबाईंनी बाही उजेडात धरली, फिरवली, आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही तर पुरावाच नष्ट केलात!"

काका खूश झाले. तेवढ्यात काकू दोरे ओवलेल्या सुयांची गादी घेऊन बाहेर आल्या. वकीलबाईंनी सहज विचारलं, "काकूंनाही येतं का हो हे थोडंफार?"

आता इथे काका 'हो' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण माणसाची जीभ अशा वेळी त्याला विचारून चालत नाही. काका मोठ्याने हसले. "हिला? अहो, हिचं काम सुईत दोरा ओवायचं. तेवढं केलं तरी पुष्कळ! सुईच्या पुढचं हिला काही विचारू नका."

वकीलबाईही हसल्या. काकूंनी गादी स्टुलाशी ठेवली आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली. फादर म्हणाले, अंगावरचं फाडून दुःख दाखवू नका, आत कुठे फाटलंय ते बघा. घरी येताना काका म्हणाले, "फादरांचं काय जातंय? लोकांचं अंगावरचं फाटलं नाही तर आपण खायचं काय?" एरवी अशा बोलण्यावर काकू पदर तोंडाला लावायच्या. आज त्या पुढे बघत चालत राहिल्या. म्हणून काकांनी रस्त्यातच जाहीर केलं, "यंदा मी साखर सोडली. आणि संध्याकाळचं जेवणही."

"बरं," काकू म्हणाल्या.

दुपारी काका रिवाजाप्रमाणे लवंडले. उठून बाहेर आले तर स्टुलावरचा निळा स्वेटर जसाच्या तसा होता. भोकासकट. शेजारच्या गादीवर मात्र घरात होती नव्हती तेवढी प्रत्येक सुई दोरा ओवून उभी होती. काळा, निळा, पांढरा, राखाडी, मातकट. गादी दिसत नव्हती, इतक्या सुया.

"अगं, हे काय?"

"माझं काम," आतून आवाज आला. "दोरे ओवलेत."

"एवढे?"

"तेवढं केलं तरी पुष्कळ."

काकांना समजायचं ते समजलं. पण समजणं वेगळं आणि उमजणं वेगळं. त्यांना वाटलं, रुसली आहे, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. दोन दिवस गेले, आठवडा गेला. काकू वेळेवर जेवायला वाढत, बिनसाखरेचा चहा देत, विचारलं तेवढं बोलत आणि दोरे ओवत. दुकानात कपडे साचत गेले. काका गिऱ्हाइकांना म्हणत, "उपवासाचे दिवस आहेत, जरा सावकाश चाललंय."

शेवटी एकदा त्यांनी पडद्यात तोंड घालून म्हटलं, "बरं बाई, चुकलं माझं."

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय चुकलं?"

"जे काय असेल ते."

"मग जे काय असेल ते सापडलं की सांगा."

काका पाय आपटत स्टुलावर जाऊन बसले. आपण साखर सोडली, जेवण सोडलं, वर माफीही मागितली, आणि या बाईला त्याचं काही नाही! देव वर बसून आपल्या चहातली साखर बघतोय आणि खूश होतोय, अशी त्यांची समजूत होती. पण उपाशीपोटी सगळ्यांवर खेकसणाऱ्या माणसाकडे देव किती वेळ बघेल, हाही प्रश्नच आहे.

अशात एक दिवस फादरच दुकानात आले. हातात त्यांचा जांभळा झगा, उपवासकाळात मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, घालायचा. दाराच्या खिळ्यात अडकून पाठीवर फाटला होता. "धड असा एवढाच आहे, काका. रविवारी लागेल."

काका पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "देवाचं काम आहे, फादर! ते अडेल होय?"

पडदा हलला नाही.

मग काकांनी स्वतःच सुई उचलली. भर उन्हाची वेळ निवडली, झगा लाकडी कड्यात ताणून बसवला, भिंग डोळ्याला लावलं. भिंगातून धुकंच मोठं दिसू लागलं. एक धागा घेतला की दुसरा सुटे, वरून घालायचा तो खालून जाई. बोटाला सुई टोचली तेव्हा रक्त आलेलं त्यांना दिसलं नाही, नुसतं ओलं लागलं. संध्याकाळपर्यंत पाठीवर एक गाठोडं तयार झालं, चारी बाजूंनी कापड ओढून धरणारं. काकांनी त्यावरून तळवा फिरवला. शिकाऊ असताना असलं काम केलं म्हणून वडिलांनी त्यांना कानफटवलं होतं.

काकू पाण्याला गेल्या होत्या. काका उठले. नीट केलेलं काम हाताला कसं लागतं ते पाहावं, म्हणून त्यांनी खुंटीवरचा आपला रविवारचा कोट काढला. त्याच्या खिशाजवळ कधीतरी इस्त्रीने भाजलं होतं, आणि तेही असंच एका दुपारी नाहीसं झालं होतं. त्यांनी अस्तर सोडवून आत बोट घातलं. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते बोटाला चटकन लागलं. टाके बारीक, एकसारखे, आणि कललेले डावीकडे. उजव्या हाताचे असे कलत नाहीत.

बोट सहज पुढे सरकलं. कॉलरखाली तसेच टाके. काखेत तसेच. बाहीच्या टोकाशी, खिशाच्या तळाशी, मागच्या शिवणीला. सगळे डावीकडे कललेले. तिथे तिथे आपला कोट कधी फाटला होता, हे काकांना माहीतसुद्धा नव्हतं. त्यांना कळायच्या आत कोणीतरी ते भरून ठेवलं होतं. कोटाचं तसंच दुकानाचं, आणि दुकानाचं तसंच त्यांच्या नावाचं. एवढी वर्षं आपण अंगावर काय घालून मिरवत होतो ते काकांना त्या क्षणी कळलं, आणि ते कोट मांडीवर घेऊन रडले. काम अडलं म्हणून नव्हे. साखर आठवली म्हणूनही नव्हे. त्या हसण्याची लाज वाटली म्हणून. काकूंनी गादी स्टुलाशी ठेवली होती ती किती हळू ठेवली होती, ते त्यांना आत्ता ऐकू आलं.

शनिवारी झगा घेऊन ते चर्चमध्ये गेले आणि आधी पापनिवेदनाला बसले.

"फादर, गर्व झाला."

"तो तुम्हाला दरवर्षी होतो, काका. यंदा केलंत काय ते सांगा."

काकांनी सगळं सांगितलं. सुईचं, वकीलबाईंचं, हसण्याचं. साखर आणि जेवण सोडल्याचंही शेवटी हळूच सांगितलं, जमलंच तर खात्यावर पडेल म्हणून.

मग फादर म्हणाले, "चहात साखर घाला. जिथे सांडलंय तिथेच पुसायचं असतं. घरात सांडून चर्चची लादी पुसत बसलात तर घर कोरडं कसं होणार?"

बाहेर आल्यावर त्यांनी झगा उघडून पाहिला. "हे तुमचं काम?"

"माझं. एकट्याचं."

"मग असाच घालतो," फादर म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती.

रविवारी फादर वेदीकडे वळले आणि ते जांभळं गाठोडं सगळ्यांना दिसलं. बाकांवर कुजबुज झाली. "रफूकाकांचा हात गेला वाटतं." 'उजेड नव्हता', 'सुई बोथट होती', 'कापडच सडकं', अशी तीन उत्तरं काकांच्या जिभेवर आली. त्यांनी तिन्ही गिळली. एकाही उपवासात त्यांनी इतकं कडू काही गिळलं नव्हतं.

काकू शेजारी होत्या. बऱ्याच वेळाने त्या कुजबुजल्या, "झगा कोणी केला?"

"मी."

"दिसतंय." आणि प्रार्थनेचं एक कडवं झाल्यावर, "कडेचे सुटे धागे आधी कापायचे होते."

एवढ्या संसारात रफूबद्दल त्या दोघांत उघडपणे झालेलं हे पहिलं बोलणं.

सोमवारी सकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून काका निघाले आणि कोपऱ्यावरच्या इमारतीचा जिना चढले. गिऱ्हाइकाच्या दारात कधी पाऊल न टाकणारा हा माणूस. ऑफिसात दोन पक्षकार बसलेले, कारकून टंकत होता. वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही? बसा ना. एकांतात बोलायचंय का?"

एकांत मिळत होता. घेतला असता तर चाललंही असतं. पण काका उभेच राहिले.

"नको. तुम्ही त्या दिवशी विचारलंत, काकूंना येतं का. मी हसलो. तुमची बाही तिने केलीय. तुमचीच नाही, या दोन-चार वर्षांत माझ्या दुकानातून जे जे चांगलं बाहेर पडलं ते सगळं तिचं. मला दिसत नाही. मी खोटं बोललो, तेही तिच्यासमोर."

कारकुनाचे हात थांबले. वकीलबाईंनी खुर्चीच्या पाठीवरच्या कोटाची बाही उचलली आणि बोट त्या जागेवरून फिरवलं.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मीही हसले होते."

काकांनी मान डोलावली आणि कठडा धरून जिना उतरले. घरी येऊन साखर घातलेला चहा मागितला. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि दोन चमचे घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, काकांची लवंडायची वेळ झाली असताना, वकीलबाई दारात उभ्या राहिल्या. हातात एक जुनी लोकरीची शाल. काका स्टुलावरून उठले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही. काकू आहेत का?"

काकू ओल्या हाताने पडद्याशी आल्या.

"काकू, ही माझ्या आईची. कसरीने चाळण झालीय. काका काल माझ्या ऑफिसात सगळ्यांसमोर सांगून गेले, काम कोणाचं ते. मला आधीच विचारायला हवं होतं, आणि तुम्हालाच विचारायला हवं होतं. कराल का?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. काका भिंतीवरच्या खुंट्या मोजल्यासारखं करत होते. काकूंनी हात पुसले, शाल घेतली, उजेडात धरली. "वेळ लागेल," म्हणाल्या. "बरीच आहेत."

"लागू दे."

वकीलबाई गेल्या. काकांनी स्टूल फडक्याने पुसलं आणि खिडकीसमोर नीट मांडलं. काकू बसल्या. इतक्या वर्षांत उघड्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा, त्या स्टुलावर त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या. काकांनी खालचा पाट ओढला, पायाशी बसले आणि एक सुई घेतली.

"हे काय करताय?"

"दोरा ओवतो. एवढं तरी मला करू दे."

दोरा सुईच्या नाकाला लागून वाकला. काकांनी टोक ओलं केलं, पुन्हा नेलं. पुन्हा वाकला. काकू शाल मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"अगं," काका सुईकडेच बघत म्हणाले, "एक राहिलंय. फादरांनाही हे नाही सांगितलं. दुपारी तू काम करायचीस ना, तेव्हा मी झोपलेलो नसायचो. पहिल्या काही दिवसांनंतर कधीच नाही. कात्रीचा आवाज यायचा. मी डोळे मिटून पडायचो."

काकू शालीवरून हात फिरवत राहिल्या.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "खरे झोपलात की घोरता तुम्ही."

काकांचा हात थांबला. इतक्या दुपारी ती शेजारच्या खोलीत हे न घोरणं ऐकत शिवत होती! त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले, आणि मुळात न दिसणारं सुईचं नाक आता साफच गेलं. त्यांनी बाहीला डोळे पुसले. दोरा पुन्हा वाकला.

"ईस्टर झाला की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," काकू म्हणाल्या. "आणि फादरांना सांगा, झगा आणून द्या. उसवून नीट करते."

"आपण दोघं करू."

"आधी हे तर होऊ दे."

हात पुढे करून सुई घेणं काकूंना सोपं होतं. एका झटक्यात ओवून झाली असती. त्यांनी हात मांडीवरच ठेवला. बाहेर रस्ता चालू होता, शालीवर ऊन पडलं होतं.

"सावकाश होऊ दे," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."